चालू कॅम्पेन २०२४च्या नियमांवर नेताना: जुनी शीट खोडू नका, नवीन लिहा

गेल्या काही महिन्यांत चार टेबलांच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ खेळणाऱ्या चार गटांच्या, कॅरेक्टर शीट (पात्राचे आकडे लिहायचे कागद) माझ्याकडे तपासायला आल्या. दोन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या, एक हॉस्टेलच्या पोरांची, एक इचलकरंजीहून फोटो काढून पाठवलेली. चौघांनीही डंजन्स अँड ड्रॅगन्सचं २०१४च्या नियमांवर चाललेलं कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग गोष्ट) २०२४च्या सुधारित नियमांवर नेलं होतं. आणि चौघांनीही जुनी शीट पुढ्यात घेऊन, खोडरबरानं पुसून, त्याच कागदावर नवीन आकडे लिहिले होते. त्यामुळे एका टेबलावर पाचव्या लेव्हलचा विझर्ड (जादूगार) २० इंटेलिजन्स घेऊन फिरत होता, दुसऱ्यावर पॅलॅडिन (धर्मयोद्धा) एका टर्नमध्ये दोनदा स्माइट (वाराला जोडलेला दैवी फटका) मारत होता.

नवीन आलेल्या गोष्टी लोक वाचतात. घोटाळा होतो तो नाव तेच ठेवून आतून बदललेल्या नियमांत. ते कुणी वाचत नाही, कारण 'ते येतंय की आपल्याला'. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## आधीची तयारी

प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४मध्ये आलं, डंजन मास्टर्स गाइड नोव्हेंबर २०२४मध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५मध्ये. तिन्ही प्रत्येकानं विकत घ्यायची काही गरज नाही. एप्रिल २०२५पासून एसआरडी ५.२ हा मूळ नियमांचा संच फुकट मिळतो. तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्यामुळे झेरॉक्सवाल्याकडे जाऊन उघड छापून घेता येतो. त्यात बाराही क्लास (पात्राचे पेशे) आहेत, पण प्रत्येकी एकच सबक्लास (पेशातली शाखा). बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) चारच: अकोलाइट, क्रिमिनल, सेज आणि सोल्जर. स्पीशीज (वंश) नऊ. एवढ्यावर सुरुवात होते. आमच्या टेबलावर हँडबुकची एकच प्रत आहे, ती डीएमकडे (डंजन मास्टर, खेळ चालवणारा), म्हणजे माझ्याकडे. बाकीच्यांना मी फक्त त्यांच्या क्लासची पानं एसआरडीतून छापून दिली.

आणखी हवं: प्रत्येकाची जुनी शीट (नुसती बघायला), कोऱ्या नवीन शीट, आणि प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढे पुठ्ठ्याचे दोन-चार तुकडे. ते कशाला, ते चौथ्या टप्प्यात.

## टप्पा १: बदल कधी आणि काय काय, हे आधी ठरवा

बदलाला एक ठरलेलं सेशन हवं. गुहेच्या मध्यात, अर्धे स्लॉट (जादू टाकायचा ठरलेला कोटा) खर्च झालेले असताना बदल करू नका. पार्टी (पात्रांचा गट) गावात पोचली, लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) झाली, की पुढचं सेशन नवीन नियमांवर. लेव्हल तीच, अनुभवाचे गुण तेच, मॅजिक आयटम तेच.

सगळं टेबल एकाच दिवशी बदलतं. 'मी अजून दोन सेशन जुन्या फायटरवरच खेळतो' असं म्हणणारा एक तरी निघतोच. त्याला नाही म्हणा. एका बाजूला जुना काउंटरस्पेल (दुसऱ्याची जादू रोखणारा स्पेल, म्हणजे मंत्र) आणि दुसऱ्या बाजूला नवा, असं चाललं की तासभर वादातच जातो.

जुन्या पुस्तकातलं काही ठेवायचं असेल, तर नियम सरळ आहे. तीच गोष्ट नवीन पुस्तकात पुन्हा छापली असेल तर नवीनच वापरायची. छापलेली नसेल तर जुनी चालते. हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क नवीन हँडबुकात नाहीत, तेव्हा ते जुन्या पुस्तकातून चालतील. पण त्यांचे गुणांचे (स्ट्रेंग्थ, इंटेलिजन्स अशा सहा क्षमतांचे) बोनस सोडून. का, ते लगेच खाली येतं.

तपासा: तारीख, कोणत्या जुन्या गोष्टी राहणार, आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा. या तिन्ही गोष्टी ग्रुपवर लिहून टाका. तोंडी ठरलेलं पुढच्या रविवारपर्यंत कुणाला आठवत नाही.

## टप्पा २: कोरी शीट, आणि गुण पहिल्यापासून

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून इथं घाई नको.

२०१४मध्ये गुणांची वाढ रेसमधून यायची. आता रेसला स्पीशीज म्हणतात आणि तिच्यातून गुण मिळत नाहीत. वाढ बॅकग्राउंडमधून येते. प्रत्येक बॅकग्राउंडला तीन गुण नेमून दिलेले असतात. त्यातल्या एकाला दोन आणि दुसऱ्याला एक द्या, नाहीतर तिघांना एकेक. शिवाय बॅकग्राउंडसोबत पहिल्याच लेव्हलला एक ओरिजिन फीट (जादाची खुबी) मिळते.

क्रम असा ठेवा: क्लास, मग बॅकग्राउंड, मग स्पीशीज, आणि शेवटी गुण.

माझ्या टेबलावरच्या हाय एल्फ विझर्डचा हिशेब उघडून दाखवतो. पाचवी लेव्हल. जुन्या शीटवर स्ट्रेंग्थ ८, डेक्स्टेरिटी १६, कॉन्स्टिट्यूशन १३, इंटेलिजन्स १८, विझडम १२, करिश्मा १०.

आधी उलटं जायचं. चौथ्या लेव्हलला इंटेलिजन्सला मिळालेले २ काढा. एल्फ म्हणून डेक्स्टेरिटीला मिळालेले २ काढा, हाय एल्फ म्हणून इंटेलिजन्सला मिळालेला १ काढा. उरले ८, १४, १३, १५, १२, १०. हे त्याचे मूळ आकडे, आणि कोऱ्या शीटवर पहिल्यांदा हेच लिहायचे.

आता बॅकग्राउंड सेज. त्याला नेमलेले गुण कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स आणि विझडम. इंटेलिजन्सला २, कॉन्स्टिट्यूशनला १ दिला की इंटेलिजन्स १७ आणि कॉन्स्टिट्यूशन १४. चौथ्या लेव्हलला त्यानं वॉर कास्टर ही फीट घेतली. आता अशा जनरल फीटसोबत एखादा गुण एकानं वाढतो, तेव्हा इंटेलिजन्स १८.

म्हणजे इंटेलिजन्स होता तिथंच राहिला. डेक्स्टेरिटी १६ची १४ झाली, त्यामुळे एसी (वार लागायला शत्रूनं गाठायचा आकडा) आणि इनिशिएटिव्ह (लढाईत कुणाची पाळी आधी ते) एकेकानं उतरले. कॉन्स्टिट्यूशनचा बोनस, म्हणजे त्या आकड्यावरून मिळणारी भर, +१चा +२ झाला, पाच लेव्हलचे मिळून हिट पॉइंट (जीव) पाचानं वाढले. वर वॉर कास्टर, आणि सेजमधून मॅजिक इनिशिएट. एसी गेला म्हणून गडी दोन दिवस नाराज होता. पहिल्या लढाईत कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेलवरचं लक्ष) तीनदा टिकलं, मग गप्प बसला.

खोडरबरवाल्या शीटवर काय झालं होतं? डेक्स्टेरिटी १६ तशीच, आणि १८ इंटेलिजन्सवर सेजचे २ चढवले. झाले २०.

> सावध: जुन्या पुस्तकातलं बॅकग्राउंड ठेवत असाल, तर त्यात गुण दिलेले नसतात. तेव्हा कोणत्याही एका गुणाला २ आणि दुसऱ्याला १, किंवा तिघांना एकेक द्या, आणि एक ओरिजिन फीट निवडा. जुनी रेस आणि जुनं बॅकग्राउंड अशी जोडी असेल, तर रेसचे बोनस विसरायचेच.

स्पीशीजच्या पानावर गुण नाहीत म्हणून ते पान वगळू नका. हाय एल्फला आता तिसऱ्या लेव्हलला डिटेक्ट मॅजिक आणि पाचव्या लेव्हलला मिस्टी स्टेप (झटक्यात दुसऱ्या जागी पोचणं) मिळतं, दोन्ही लाँग रेस्टमागे एकेकदा स्लॉट न खर्चता. ही मिस्टी स्टेप लक्षात ठेवा, पाचव्या टप्प्यात तिचं काम आहे.

तपासा: मूळ सहा आकडे शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेत का? नसतील तर तुम्ही उलटं गेलाच नाहीत.

## टप्पा ३: क्लासचा तक्ता पुन्हा वाचा, सबक्लास तिसऱ्यालाच

आता सगळ्या क्लासना सबक्लास तिसऱ्या लेव्हलला मिळतो. पूर्वी क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉकला पहिल्या लेव्हललाच मिळायचा, ड्रुइड आणि विझर्डला दुसऱ्या. तुमची पार्टी तिसऱ्या लेव्हलच्या पुढं असेल तर फरक जाणवणार नाही. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलवर असेल तर क्लेरिकचं डोमेन (त्याचा सबक्लास) तात्पुरतं काढावं लागेल. गोष्टीत ते ठेवा, देव तोच राहू दे, ताकद तिसऱ्या लेव्हलला येईल. जुन्या पुस्तकातला सबक्लास असेल तर त्याच्या पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या गोष्टी तिसऱ्याला एकदम द्या.

तयार ठेवायच्या स्पेलचा आकडा आता क्लासच्या तक्त्यात छापलेला आहे. गुणाचा बोनस अधिक लेव्हल, हे सूत्र गेलं. आमच्या विझर्डचा आकडा दोन्हीकडं योगायोगानं ९च आला, आणि नियम बदललाय हे आम्हाला पुष्कळ दिवस कळलं नाही.

## टप्पा ४: हत्यारांचं कार्ड

वेपन मास्टरी (हत्यारागणिक मिळणारी खास करामत) ही गोष्ट पूर्ण नवीन आहे. फायटर, बार्बेरियन, पॅलॅडिन, रेंजर आणि रोग (चोरटा) या पाच क्लासना ती मिळते. पहिल्या लेव्हलला फायटरला तीन प्रकारच्या हत्यारांची, बाकीच्यांना दोन. मंकला नाही, क्लेरिकला नाही. हातात हत्यार आहे म्हणून मास्टरी आली असं होत नाही. क्लासनं दिलेल्या संख्येइतकीच हत्यारं निवडायची. लाँग रेस्टनंतर निवड बदलता येते.

पुठ्ठ्याचे तुकडे इथं लागतात. एका कार्डावर एक हत्यार: नाव, टू-हिट (वार लागायला फाशात मिळवायचा आकडा), डॅमेज, मास्टरी आणि ती काय करते ते एका ओळीत. कार्ड नसेल तर दर टर्नला पान उलटत बसाल.

लाँगसोर्डची सॅप: फटका बसला की त्या शत्रूच्या पुढच्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी येईल तो घ्यायचा). ग्रेटसोर्डची ग्रेझ: वार चुकला तरी स्ट्रेंग्थच्या बोनसइतकं डॅमेज. रेपिअर आणि शॉर्टबोची व्हेक्स: डॅमेज झालं की त्याच शत्रूवरच्या तुमच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज (दोनांतला जास्त घ्यायचा). लाँगबोची स्लो वेग १० फूट कमी करते, वॉरहॅमरची पुश १० फूट मागं ढकलते, ग्रेटॲक्सची क्लीव्ह शेजारच्या दुसऱ्या शत्रूवर एक वार देते.

मॉल, बॅटलॲक्स आणि क्वार्टरस्टाफची टॉपल म्हणजे सरळ पट काढणं. फटका बसला की समोरच्यानं कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाचा फासा) मारायचा, नाहीतर आडवा. डीसी (त्यानं गाठायचा आकडा) म्हणजे ८ अधिक गुणाचा बोनस अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार वाढणारा बोनस). पाचव्या लेव्हलला १८ स्ट्रेंग्थवाल्याचा १५. तो कार्डावर लिहूनच ठेवा. कोल्हापुरात कुणाला टॉपल मिळाली की तो दुसरं काही करतच नाही, आणि दर वाराला सेव्ह मारताना डीएमचा हात दुखतो.

निकबद्दल वेगळं सांगायला हवं. दोन्ही हातांत लाइट हत्यारं असतील तर दुसऱ्या हाताचा जादा वार पूर्वी बोनस ॲक्शन (टर्नमधली जादाची छोटी कृती) खायचा. निकमुळे तो अटॅक ॲक्शनमध्येच होतो. रोगनं शॉर्टसोर्डनं वार केला, डॅगरनं जादा वार केला, आणि बोनस ॲक्शन कनिंग ॲक्शनसाठी मोकळी राहिली. पण जादा वार एकच. 'निकचा एक आणि बोनस ॲक्शनचा दुसरा' असं नाही. स्नीक अटॅकही टर्नला एकदाच.

तपासा: प्रत्येकाच्या कार्डांची संख्या क्लासच्या तक्त्यातल्या मास्टरीच्या संख्येपेक्षा जास्त नाही ना?

## टप्पा ५: नाव तेच, नियम वेगळा

हा भाग सगळ्यांनी एकत्र बसून, मोठ्यानं वाचायचा. आम्ही मिसळ खाऊन आल्यावर वाचला. रस्सा पोटात असला की वाद कमी होतात असं आमच्या पॅलॅडिनचं मत आहे. पहिला वाद त्यानंच घातला.

डिव्हाइन स्माइट आता स्पेल आहे. वार बसल्यावर लगेच बोनस ॲक्शननं टाकायचा. बोनस ॲक्शन टर्नला एकच, म्हणून स्माइटही एकच. ले ऑन हँड्ससुद्धा (हात ठेवून बरं करणं) आता बोनस ॲक्शनच आहे, तेव्हा त्या टर्नमध्ये दोन्हीपैकी एक. स्पेल असल्यामुळे समोरचा जादूगार त्याला काउंटरस्पेलही करू शकतो. बदल्यात लाँग रेस्टमागे एकदा स्लॉट न खर्चता मिळतो. 'भावा, मग पॅलॅडिन घेऊन केलं काय मी?' हा प्रश्न येणारच. क्रिटिकलवर (फाशावर २० आल्यावर) स्माइटचे फासे अजून दुप्पट होतात, एवढं सांगा आणि पुढं जा.

काउंटरस्पेलमध्ये आता समोरचा जादूगार कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मारतो. सेव्ह चुकला तर त्याचा स्पेल जातो, पण स्लॉट वाचतो.

एका टर्नमध्ये स्लॉट एकच. पूर्वी बोनस ॲक्शननं स्पेल टाकला की ॲक्शनला फक्त कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा साधा स्पेल) चालायची. ते गेलं. आता बघायचं ते एवढंच, की त्या टर्नमध्ये स्लॉट किती खर्च झाले. म्हणून आमचा एल्फ विझर्ड स्लॉटनं फायरबॉल टाकून त्याच टर्नमध्ये आपल्या एल्फपणाची फुकटातली मिस्टी स्टेप वापरू शकतो. तीच मिस्टी स्टेप स्लॉट देऊन टाकायची असेल तर नाही. हा फरक प्रत्येक जादूगाराला स्वतःच्या तोंडानं म्हणायला लावा.

ग्रॅपल, म्हणजे पकड. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या गावात हा नियम चुकवणं शोभत नाही, पण सगळे चुकवतात. पूर्वी पकडणाऱ्याचं ॲथलेटिक्स आणि समोरच्याचं ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स अशी टक्कर व्हायची. आता हल्ल्याचा फासा नाही, टक्कर नाही. तुम्ही अनआर्म्ड स्ट्राइकमधला (हत्याराविना वार) पर्याय म्हणून पकड घालता आणि समोरचा स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, त्याला हवा तो सेव्ह मारतो. डीसी ८ अधिक तुमचा स्ट्रेंग्थचा बोनस अधिक प्रोफिशियन्सी. ॲथलेटिक्समधली एक्सपर्टीज (दुप्पट प्रोफिशियन्सी) पकड घालायला कामाची नाही. सुटायला आहे, कारण सुटताना ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्सचा चेक त्याच डीसीवर मारायचा. पकडलेल्याला पकडणाऱ्याखेरीज इतरांवर हल्ला करताना डिसॲडव्हान्टेज येतो. पुढं उभं राहून मागच्यांना वाचवणाऱ्या गड्याला याचा फार उपयोग होतो.

सरप्राइज झाला म्हणून आता टर्न जात नाही, इनिशिएटिव्हला डिसॲडव्हान्टेज मिळतो. घाटात दबा धरणारे दरोडेखोर ठेवले असतील, तर डीएमनं ती चकमक पुन्हा तोलून बघावी. खेळाडूंचा दबाही तेवढाच सौम्य झालाय, हेही त्यांना आधीच सांगा.

लपणं. स्टेल्थच्या (लपण्याच्या) चेकला किमान १५ लागतो, आणि जमलं की इन्व्हिजिबल (अदृश्य) कंडिशन मिळते. हा शब्द वाचून आमच्या रोगनं भर चौकातून चालत जायचा बेत केला. शत्रूला सापडलात, हल्ला केलात, कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केलात किंवा बोलून टाकायचा स्पेल टाकलात की ती कंडिशन संपते. आडोसा सोडून कुणाच्या डोळ्यांसमोर उभं राहिलात तर सापडलात, असंच मी धरतो. नियमाची भाषा इथं ढिली आहे, तेव्हा तुमच्या टेबलाचं काय ते आधी ठरवून टाका.

बाकीचं भराभर. हीलिंग पोशन बोनस ॲक्शननं, स्वतः प्या किंवा ५ फुटांतल्या सोबत्याला पाजा. क्युअर वूंड्स २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे), हीलिंग वर्ड २डी४, अधिक बोनस. एक्झॉशनच्या (दमणुकीच्या) दर लेव्हलला डी२०च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) प्रत्येक चाचणीत २ वजा आणि वेग ५ फूट कमी; सहाव्या लेव्हलला मरण. हिरोइक इन्स्पिरेशन म्हणजे आता ॲडव्हान्टेज नव्हे. फासा टाकल्यावर कोणताही एक पुन्हा टाकता येतो, आणि दुसरा येईल तो घ्यावाच लागतो. स्पिरिच्युअल वेपनला आता कॉन्सन्ट्रेशन लागतं. ग्रेट वेपन मास्टर आणि शार्पशूटरमधला 'उणे पाच, अधिक दहा' (टू-हिटमध्ये ५ वजा, डॅमेजला १० जादा) गेला. ज्यांचं सगळं कॅरेक्टर त्यावरच उभं होतं, त्यांना ती फीट बदलू द्या. कंजूषपणा करू नका.

> सावध: 'मला हा नियम माहीत आहे' असं कुणी म्हटलं, की त्यालाच तो पुस्तकातून वाचायला लावा.

## टप्पा ६: डीएमचा घरचा अभ्यास

जुनं ॲडव्हेंचर फेकू नका. राक्षस नावावरून नवीन मॉन्स्टर मॅन्युअलमधून किंवा एसआरडीतून घ्या, आणि वापरायच्या आधी प्रत्येकाचा ब्लॉक (आकड्यांची चौकट) वाचा. नवीन राक्षसांच्या पुष्कळ वारांना आता सेव्ह नाही. लांडगा चावला की पार्टीतला गडी सरळ आडवा.

चकमकीचं बजेट बदललंय. पाचव्या लेव्हलच्या एका कॅरेक्टरमागे, राक्षसांच्या अनुभवाच्या गुणांत, लो ५००, मॉडरेट ७५०, हाय १,१००. पाच खेळाडू धरले तर २,५००, ३,७५० आणि ५,५००. राक्षसांच्या संख्येनुसार गुणायचं सूत्र आता नाही. सहा ओग्रे, प्रत्येकी ४५०, मिळून २,७००. जुन्या सवयीनं दोननं गुणलंत तर ५,४०० होतात, तुम्ही तिला हाय समजता आणि दोन ओग्रे काढून टाकता. नवीन हिशेबानं हीच चकमक मॉडरेटमध्ये आरामात बसते.

मात्र गुणाकार गेला म्हणून टोळ्या निरुपद्रवी झालेल्या नाहीत. माणशी दोनपेक्षा जास्त राक्षस असतील तर त्यात पटकन मरणारे हवेतच. मी स्वतः पहिले दोन सेशन मॉडरेटच्या वर गेलो नाही. खेळाडू नवीन कार्डं चाचपडत असतात, वेळ तिथंच जातो.

## टप्पा ७: खोटी लढाई

खऱ्या सेशनच्या आधी तासाभराची एक लढाई खेळा. गोष्टीशी संबंध नाही, मेलं तर मेलं. तिच्यात या गोष्टी मुद्दाम घडवून आणा: एक सरप्राइज, एक ग्रॅपल, एक स्माइट, एक काउंटरस्पेल, टर्नच्या मध्यात प्यायलेली एक पोशन, आणि प्रत्येकाची किमान एक मास्टरी. जे घडलं नाही ते पुन्हा करा.

या लढाईत तीन तरी चुका निघतात. आमच्या निघाल्या पाच, त्यातल्या दोन माझ्या.

त्यानंतरच्या पहिल्या तीन सेशनांत खेळ थांबवून पुस्तक शोधू नका. डीएमनं तिथल्या तिथं निर्णय द्यावा, एका वहीत ओळ लिहावी, आणि सेशन संपल्यावर वहीतल्या ओळी पुस्तकाशी ताडून उत्तरं ग्रुपवर टाकावीत. चुकीचा निर्णय दिला असेल तर मागं जाऊन दुरुस्त करायचं नाही, पुढच्या वेळेपासून बरोबर.

जुन्या शीट फाडू नका, घरी फाइलला लावा. टेबलावर मात्र आणू देऊ नका. आमच्या फायटरनं बॅगेत लपवून आणली होती. सहाव्या राउंडला अचानक त्याचा टू-हिट एकानं वाढला, तेव्हा सापडली.